ते सात रविवार

दादा, परवा तुझं बारावं झालं. पानं उठली, भटजी गेले, मांडवाचं सामान न्यायला आलेला टेम्पो चारदा मागेपुढे करून एकदाचा अंगणाबाहेर पडला. तू असतास तर त्या ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवले असतेस. मग मी म्हापशावरून साखळीला परत आलो.

सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. बत्तीस वर्षं पेडणे-म्हापसा बस चालवली आणि कुणाला साधं खरचटलं नाही, हे मला तिघांनी तीनदा सांगितलं, जसं काही मला ते ठाऊकच नव्हतं. मी मान हलवत होतो. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मी तुझ्याशी एक खोटं बोललो होतो. त्या खोट्यापायी तू माझी माफी मागितलीस, आणि मी ती निमूटपणे घेतली. खरं काय ते सांगायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत मी पाच महिने काढले, आणि माघातल्या एका बुधवारी सकाळी तू चहाचा कप हातात असतानाच गेलास. आता हे कागदावर लिहितोय. वाचणारा नाही, म्हणून तर लिहायचा धीर होतोय.

आपलं भांडण तसं जुनं नव्हतं. तीन चवथींपूर्वीचं. मी खाणीवरच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालो, साखळीला घर बांधलं आणि त्या घरात गणपती आणायचं ठरवलं. आपल्याकडे गणपती मूळ घरातच येतो. भाऊ कितीही पांगले तरी चवथीला सगळे पेडण्यात, एकाच मूर्तीपुढे, फळांनी भरलेल्या एकाच माटोळीखाली. हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण सुमनचे, माझ्या बायकोचे, गुडघे गेले होते. तुझ्या घराच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. मी तिचं कारण पुढे केलं. तू म्हणालास, पायऱ्या दहा वर्षांपूर्वीसुद्धा तेवढ्याच होत्या. गुडघे तेवढे नव्हते, असं मी म्हणालो. त्यावर तू हसशील असं मला वाटलं होतं. तू हसला नाहीस, कारण तुला पायऱ्यांचं दुःख नव्हतंच. मी तुला आधी विचारलं नाही, मूर्तीची ऑर्डर देऊन मग सांगायला आलो, हे तुला लागलं होतं.

"तुजो तुज्याकडे, आमचो आमच्याकडे," एवढं बोललास आणि अबोला धरलास.

आता आपल्या घरातला अबोला म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. आपण गप्प बसत नाही. उत्तर द्यायचं, पण ज्याने विचारलं त्याच्याकडे न बघता, तिसऱ्याच्या तोंडाकडे बघून. आप्पा आणि काका सहा वर्षं असेच बोलले. मधे आई. "त्याका सांग, गोरू शेतात शिरलां," असं आप्पा आईला सांगायचे आणि काका दोन हातांच्या अंतरावर बसून विडी ओढत असायचा. आई बिचारी दोघांकडे बघून नुसती मान हलवायची. तोच नियम तू माझ्यासाठी काढलास. मी फोन केला की वहिनी तो स्पीकरवर ठेवायची, मी विचारायचो आणि तू तिला उत्तर द्यायचास. दीड-पावणेदोन वर्षं असं चाललं. मला राग यायचा, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं. दादा चिडलाय म्हणजे दादा ठणठणीत आहे.

मग वैशाखात तुला झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही, डावा हात-पाय लुळा पडला. हॉस्पिटलात मी दहा दिवस होतो, पण तेव्हा तू कुणालाच धड ओळखत नव्हतास. घरी आलास, हळूहळू काठी धरून चालायला लागलास, बोलणं स्पष्ट झालं. प्रसाद मोपाच्या विमानतळावरची नोकरी सांभाळून तुला आंघोळ घालून जायचा. पोराने खूप केलं तुझं, हेही तुला एकदा सांगायचं होतं.

मी रविवारी यायला लागलो. साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, दहाच्या सुमाराला मी अंगणात असायचो. तू व्हरांड्यातल्या वोल्तेरवर, त्या जुन्या आरामखुर्चीवर, लांब पाय सोडून बसलेला. तुझ्या डाव्या हाताला एक लाकडी खुर्ची असते, त्या खुर्चीवर मी बसायचो. दुसरीकडे बसायचं माझ्या मनातही आलं नाही. मी म्हापशाला कॉलेजात जायचो तेव्हा तू नुकताच बसवर लागला होतास. ड्रायव्हरच्या डावीकडे इंजिनावरची ती पेटी, त्यावर गोणपाट टाकून तू मला बसवायचास. खालून ढुंगण भाजायचं. तू रस्त्यावरची नजर न काढता माझ्याशी बोलत राहायचास, धारगळपासून कोलवाळच्या पुलापर्यंत, अभ्यास झाला का, डब्यात काय आहे, त्या गणिताच्या मास्तराने परत मारलं तर मला सांग. फी तू भरत होतास, पण त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस. तुझी डावी बाजू ही माझी जागा होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी तिथेच बसत आलो होतो.

पहिल्या रविवारी मी बसलो आणि विचारलं, "दादा, कसो आसा?"

तू वहिनीकडे बघितलंस. ती तुझ्या उजवीकडे दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघून म्हणालास, "बरें आसा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघांनाही एकच वाटलं. मरणाच्या दारातून परत आला तरी याचा अबोला काही सुटत नाही. मला त्या दिवशी हसूसुद्धा आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, माणूस पूर्ण बरा झाला.

दुसऱ्या रविवारी हसू आलं नाही. तिसऱ्या रविवारी मी अर्धा तास बसलो आणि तू एकदाही मान वळवली नाहीस. चौथ्या रविवारी मी आमच्या पोदेराच्या भट्टीतले ताजे उंडे पाव घेऊन आलो होतो. तुला म्हापशाचे आवडत नाहीत, त्यात भुसाच जास्त असतो म्हणायचास. पिशवी उघडून मी स्टुलावर ठेवली, तुझ्या कोपराला लागेल इतक्या जवळ. वास सगळ्या व्हरांड्यात पसरला. तू नाक वर करून वास घेतलास आणि वहिनीला म्हणालास, "कोणाकडे उंडे हाडले काय गो? आमकां मात बिस्कूट."

आमच्यासाठी मात्र बिस्किट! माझं डोकं सणकलं. म्हटलं, राग धरावा, पण त्याला काही मर्यादा? म्हातारा भाऊ दोन बस बदलून येतो, पाव पुढे ठेवतो आणि हा बिस्किट चघळत टोमणे मारतो. मी उठलो, चपला घातल्या आणि निघालो. वहिनी फाटकापर्यंत मागे आली. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी आलो नाही, दादा. सात रविवार आलो नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "भावजी, राग मागीर धरात. फाल्यां चवथ. येवन माटोळीक हात लावात." राग नंतर धरा, म्हणे! मी सुमनला म्हटलं, आपली माटोळी संध्याकाळी बांधू, आणि निघालो.

मी पोचलो तेव्हा काम सुरू होतं. मखराच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगलेली, प्रसाद स्टुलावर चढलेला, आणि तू समोर वोल्तेर ओढून घेऊन काठीने दाखवत होतास. नारळांचा घड तिथे. सुपारीचा घोस त्याच्या बाजूला. तोरिंजनाचं फळ जड आहे, दोन दोर घाल. कवंडळं, हरणं, आंबाडे, चिबूड, सगळ्या फळांच्या जागा तुला तोंडपाठ. दरवर्षी माटोळी तूच बांधायचास आणि खाली आम्ही सगळे हमाल. मी नेहमीप्रमाणे तुझ्या डावीकडे जमिनीवर बसलो आणि किवणीच्या सालीचे दोर सोलायला लागलो. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही तोंड उघडलं नाही.

तासाभराने तू काठी खाली टेकवलीस. "भरली," म्हणालास. "बरी दिसता."

मी वर बघितलं. चौकटीचा उजवा अर्धा भाग इतका गच्च भरला होता की दोर दिसत नव्हते. डावा अर्धा भाग मोकळा. एक पान नाही. मधोमध कुणी रेघ मारावी तसं.

प्रसाद घाबरत म्हणाला, "बाबा, ही वट मोकळी आसा."

"खंय मोकळी? दोळे बिघडले तुजे."

मला कळायचं ते कळलं, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. तू माझा वाटा मोकळा ठेवला होतास. गणपती वेगळा केलास ना, मग घे, ही तुझी अर्धी माटोळी, चवथभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. चवथीच्या आदल्या दिवशी, देवाच्या डोक्यावर तू मला हे लिहून दाखवलंस असं मला वाटलं. हातातले दोर मी फेकले. उभा राहून ओरडलो, "दादा, इतको राग आसा तर तोंडात मार म्हज्या! देवाची माटोळी कित्याक बाटयता?"

आणि तू माझा आवाज ऐकून चमकलास. तू वळलास, पण उजवीकडे. उजवीकडे कुणी नव्हतं, नुसती भिंत. तू आणखी वळलास, खुर्चीत अर्धा उठलास, दारातून बाहेर बघितलंस. "बाबूचो आवाज न्हय तो?" असं वहिनीला विचारलंस. "फोन आयलो? खंय आसा बाबू?"

मी तुझ्यापासून दोन हातांवर उभा होतो. तुझं डोकं उजवीकडे, आणखी उजवीकडे जात होतं आणि तू मला शोधत होतास. माझा राग कुठल्या कुठे गेला. कसाबसा वोल्तेरच्या मागून वळसा घालून मी तुझ्या उजवीकडे आलो. तेव्हा तुझा चेहरा उजळला. तसा चेहरा मी तुझा माझ्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

"बाबू! कधी आयलंस रे? इतके दीस खंय आसलंस?"

मी खाली वाकलो. तुझा हात धरला. प्रसाद स्टुलावरून खाली उतरला आणि आम्ही दोघांनी उरलेली माटोळी भरली. तुला ती आधी जशी दिसत होती तशीच शेवटपर्यंत दिसली, हे मला नंतर समजलं.

चवथ झाल्यावर तुला म्हापशाला नेलं. डॉक्टर बाई तरुण होती, डिचोलीची, पण घाईत नव्हती. तिने तुला कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. तू गोल सुंदर काढलास, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलेस, स्टँडवर संध्याकाळच्या बसमध्ये माणसं कोंबतात तसे. मग तिने आडवी रेघ काढून तिच्या मध्यावर खूण करायला सांगितली. तू ती पार उजव्या टोकाजवळ केलीस आणि आमच्याकडे असं बघितलंस, की एवढं सोपं काय विचारता.

मी विचारलं, "डोळे गेले का?"

"डोळे एकदम बरे आहेत," ती म्हणाली. डोळे नुसता उजेड गोळा करतात. तो उजेड डोक्याच्या मागच्या भागात जातो, तिथे रेघा निराळ्या होतात, रंग निराळे, हलणारं निराळं. मग पुढे मेंदू ठरवतो की यातलं कशाकडे लक्ष द्यायचं. डावीकडच्या जगाकडे लक्ष द्यायचं काम मुख्यतः उजव्या बाजूचा मेंदू करतो, आणि तुझा तोच भाग गेला होता. डावीकडून आलेला आवाजसुद्धा ऐकू येतो, पण मेंदू त्या आवाजाचा माणूस उजवीकडे शोधतो.

"म्हणजे त्यांना डावीकडे काळोख दिसतो?" वहिनीने विचारलं.

बाईने जरा विचार केला. "आत्ता तुमच्या डोक्यामागे तुम्हाला काळोख दिसतोय का? नाही ना. तिथे काहीच नाही, काळोखसुद्धा नाही. त्यांची डावी बाजू तशी आहे. काही उणं आहे असं त्यांना वाटतच नाही."

वहिनी रडायला लागली. जेवताना तू अर्धं ताट तसंच ठेवायचास आणि मासळी वाढली नाही म्हणून तिच्यावर चिडायचास. ती ताट नुसतं फिरवून ठेवायची आणि तू गुपचूप जेवायचास. तिला वाटायचं, हा हट्टीपणा आहे आणि तिने त्यावर युक्ती काढली आहे. स्वयंपाकघरात तिला अर्धं कळलं होतं, आणि मला पस्तीस वर्षं ट्रक मोजूनसुद्धा काही कळलं नव्हतं. माझे दोन्ही डोळे शाबूत होते. तुझ्या गप्प तोंडावर मी माझ्या मनातला राग लावला आणि तो तुझाच आहे असं खुशाल समजून बसलो.

परत येताना टॅक्सीत तू मागे बसला होतास, मी तुझ्या उजवीकडे. वहिनी पुढे. कोलवाळच्या पुलापर्यंत तू पुढचा रस्ता बघत होतास. मग म्हणालास, "म्हणजे बाबू, तू येतालो आनी हांवें तुका पळयलोच ना?"

आता ऐक. मी येत होतो आणि तुला दिसलोच नाही का, एवढंच तू विचारलंस; इथे मला खरं सांगता आलं असतं. पहिले चार रविवार आलो होतो दादा, मग रागाने बंद केलं. दोन वाक्यं होती. पण तू माझ्याकडे अशा नजरेने बघत होतास, आणि मला इतकी लाज वाटत होती, की मी म्हणालो, "होय दादा. दर आयताराक येतालों."

वहिनीची मान पुढे ताठ झाली. ती वळली नाही.

तुझे डोळे भरून आले. तू उजव्या हाताने माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "माफ कर रे. तुजो आवाज कानार पडतालो. म्हाका दिसलें, तू फोनार उलयता. हांव हिका म्हणतालों, बाबू नुसतो फोन करता, येना. म्हज्यान मोठी चूक जाली."

माझा आवाज तुला फोनमधला वाटला, म्हणून तू माझी माफी मागितलीस. सात रविवार घरी बसलेल्या माणसाची. मी "जांव दे" म्हणालो, मोठ्या मनाने!

त्यानंतर मात्र मी एकही रविवार चुकवला नाही. आलो की आधी तुझ्या उजवीकडे उभा राहायचो, मग हाक मारत हळूहळू वळसा घालून डावीकडे जायचो, तू मान वळवत माझ्यामागून यायचास. डॉक्टर बाईने हाच व्यायाम सांगितला होता. वहिनीने तुझ्या टेबलाच्या डाव्या कडेला लाल रिबीन चिकटवली होती. ती रिबीन दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच वर्तमानपत्र वाचायचं. तू चिडायचास. "शाळेत घातलां म्हाका," म्हणायचास.

एक दिवस मला गंमत सुचली. मी म्हटलं, दादा, डोळे मीट. पेडण्याच्या स्टँडवरून बस काढ आणि म्हापशाला ने. वाटेत काय काय दिसतं ते सांग. तू खुशीत आलास. न्हाव्याचं दुकान, तो पिंपळ, धारगळच्या अलीकडची काजूची बाग, क्रुसाजवळ हात दाखवणारी ती म्हातारी, सगळं सांगितलंस. सगळं उजव्या हाताचं. डावीकडचं काही नाही. शाळा नाही, तळी नाही, माझ्या मित्राचं घर नाही. बत्तीस वर्षं जो रस्ता तुझ्या हाताखालून गेला त्याची अर्धी बाजू आठवणीतूनही पुसली गेली होती.  मग मी म्हटलं, बरं, आता म्हापशाहून गाडी वळव आणि परत ये. तू बस वळवलीस. आणि परतीच्या वाटेवर शाळा आली, तळी आली, माझ्या मित्राचं घर आलं, त्याच्या बापाने तुझ्याशी हुज्जत घातलेली तीसुद्धा आली. काहीच हरवलं नव्हतं, दादा. गाडी वळवायची तेवढी खोटी होती. मी उठून आत गेलो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उगाच उभा राहिलो.

गणपतीचं भांडण आपण परत काढलं नाही. एकदा तू "फुडल्या चवथीक..." असं म्हणालास आणि थांबलास. मी विचारलं नाही काय ते. माझा गणपती परत पेडण्यात आणायला सांगणार होतास, की तू साखळीला येणार होतास? मला दोन्ही चाललं असतं. आता वाटतं, त्याच वेळी मीही माझं सांगून टाकायला हवं होतं.

डिसेंबरात एका रविवारी मला लवकरची बस मिळाली आणि मी साडेनऊलाच आलो. फाटक उघडं होतं. मी फणसाच्या बुंध्याशी थांबलो, कारण तू व्हरांड्यात एकटा काहीतरी करत होतास. तू वर्तमानपत्र वाचत होतास, आणि दर दोन-चार ओळींनंतर मान उचलून डावीकडे वळवत होतास. रिबीन ओलांडून, लाकडी खुर्चीपर्यंत. खुर्ची रिकामी आहे हे नीट बघायचास आणि परत वाचायला लागायचास. परत दोन ओळी, परत मान. नंतर वहिनी म्हणाली, "दर आयताराक सकाळसून तशेंच चलता. म्हणटात, परत तो येवन बसत आनी म्हाका दिसचो ना."

त्या दिवशी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, त्या दिवशी खरंच सांगणार होतो. पण मी हाक मारायच्या आतच तुला मी दिसलो, आणि तू लहान पोरासारखा ओरडलास, "पळयलो तुका! ह्या फावटीं हांवें पयलीं पळयलो!" त्या आनंदावर मी पाणी कसं ओतू?

परवा सगळे गेल्यावर वहिनी व्हरांड्यात येऊन बसली. बराच वेळ साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "भावजी, ह्यांणी म्हाका विचारिल्लें."

"कितें?"

"बाबू खरेंच दर आयताराक येतालो काय गो? एकदां न्हय, दोनदां विचारिल्लें."

मला तिच्याकडे बघवेना. "मागीर?"

"मागीर कितें? म्हणलें, येतालो. तुमी म्हाकाय फट मारूंक लायली." तिलाही खोटं बोलायला लावलं म्हणून ती रागावली होती, आणि तिला रागवायचा पूर्ण हक्क होता. मग तिचा आवाज उतरला. "पूण बरें दिसलें त्यांकां. म्हणपाक लागले, तर मागीर दोळेच म्हजे वायट. भाव बरो आसा."

डोळेच माझे वाईट. भाऊ चांगला आहे. दादा, साखळीपर्यंतच्या दोन्ही बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे उतरणार.

तू आमचं सगळं घर सांभाळलंस. आप्पांच्या मागे तू माझा बाप झालास आणि कधी तसं बोलून दाखवलं नाहीस. त्याचे आभार मी मानले नाहीत, कारण आपल्यात आभार मानायची पद्धत नाही. पण पुढचं न सांगून मी तुला नको तो दोष चिकटवला, तो तरी मला काढून घेतला पाहिजे.

पहिल्या चार रविवारी मी होतो. तुला दिसलो नाही, त्यात तुझा दोष नाही. पुढच्या सात रविवारी सुमन मला सकाळी उठवायची, जा म्हणायची, आणि मी म्हणायचो, त्याला माझं तोंड बघायचं नाही. एका रविवारी मी परसात काकडीचा मांडव घातला. एका रविवारी दुपारपर्यंत झोपून राहिलो. बाकीचे पाच कसे गेले ते मला आठवतसुद्धा नाही.

त्या सात रविवारी तुझे डोळे चुकले नाहीत, दादा. तुझा मेंदूही चुकला नाही. त्या खुर्चीवर कुणी नव्हतंच. मी आलो नव्हतो.